सातबारा नाही म्हणजे मालक नाही, असं कुणी सांगितलं?

परवा काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, दुसऱ्या दिवशी तेच सोसायटीच्या ग्रुपवर, तुमच्याकडेही आलं असेलच. थोडक्यात असं की अमेझॉन नदीकाठी अशी गावं आहेत जिथे जमिनीला मालक नाही, पैसा चालत नाही, सरकार नाही कायदा नाही, कुणीही जावं, झोपडी बांधावी आणि राहावं, नदी म्हणजे फुकटचा हायवे, 500 वर्षांत बाहेरचं वारं लागलेलं नाही म्हणून आजारपण नाही. आणि खाली फोटो, कोरीव लाकडी दर्शनी भाग असलेली रंगीत घरं, पुढे लांबलचक होडी. त्यावर आमचा मन्या लगेच, चला रे इएमआय सोडून तिकडेच जाऊ.

काका, राग मानू नका, पण तो फोटो मी ओळखला. नोकरीनिमित्त अडीच वर्षं पारामारिबोला होतो, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशाची राजधानी, आणि सुट्टी जोडून आली की वर नदीला जायचो. ती घरं सामाका लोकांची, सुरिनाम नदीच्या वरच्या भागातली. म्हणजे पहिली गोष्ट, ही अमेझॉन नदीच नाहीये. सुरिनाम नदी उत्तरेला वाहत जाऊन सरळ अटलांटिकला मिळते. जंगल त्याच मोठ्या पट्ट्यातलं, देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जंगलच आहे, पण नदी वेगळी. असो, हे किरकोळ.

500 वर्षं बाहेरचं वारं नाही, हे वाचून मात्र हसावं का रडावं कळेना. हे लोक मुळात या जंगलातले नाहीतच. यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून डचांच्या उसाच्या मळ्यांवर आणलेले, तिथून टोळ्याटोळ्यांनी पळाले, जंगलात शिरले, पिढ्यान् पिढ्या लढले आणि शेवटी 1762 मध्ये डचांना त्यांच्याशी तह करावा लागला. सुरिनाममधली गुलामी कायद्याने संपली 1863 ला, म्हणजे हे त्याच्या 101 वर्षं आधी स्वतंत्र. त्यांच्या भाषेत पोर्तुगीज आहे, इंग्लिश आहे, आफ्रिकन भाषा आहेत. बाहेरच्या जगाने त्यांना काय केलं ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

आता मुख्य मुद्दा, जमिनीला मालक नाही. इथे मी जरा जास्त बोलणार कारण हे वाक्य दिसतं तेवढं साधं नाही.

सामाकांची 12 कुळं आहेत, त्यांना लो म्हणतात, आणि जी टोळी एकत्र पळाली तिचा पुढे लो झाला, इतकं की काही लोंची नावं मळ्याच्या मालकाच्या नावावरून पडलीयेत, माचादोच्या मळ्यावरून पळालेले ते मात्जाऊ, नासीच्या मळ्यावरचे ते नासी. नदीचा कुठला तुकडा, कुठला ओढा, कुठलं रान कुठल्या लोचं हे पोराटोरांनाही पाठ असतं. वारसा आईकडून. पोर आईच्या लोचं, बापाच्या नाही. बाईचं स्वतःचं घर असतं आणि नवऱ्याने बायकोला घर बांधून द्यायचं, होडी करून द्यायची, ही त्याची जबाबदारी. जमीन लोची, वहिवाट घराण्याची, शेतातलं पीक ज्या बाईने लावलं तिचं. आता सांगा यात मालक नाही कुठे? आपल्याकडे सामायिक खात्यावर सतरा नावं असतात आणि भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, त्यापेक्षा हे मला तरी सुटसुटीत वाटलं.

आणि त्या फॉरवर्डमध्ये जे रिकामं जंगल दिसतं ना, त्यातलं बरंचसं रिकामं नाहीये. त्यांची शेती आपल्या कुमरीसारखी, रान तोडायचं, जाळायचं, एकदोन वर्षं भात, कसावा, भुईमूग, भेंडी घ्यायची आणि मग तो तुकडा कित्येक वर्षं सोडून द्यायचा. सोडलेल्या रानाला कापुवेरी म्हणतात. आपल्याला ते नुसतं जंगल दिसतं पण ते कुणाच्या तरी आजीचं शेत असतं आणि त्या घरातल्या पोरीला ते माहीत असतं. मन्या तिथे झोपडी बांधायला गेला तर पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारेल, बाबा तू कुठल्या लोचा?

आता गंमत बघा. हे लोक मालक नाहीत असं व्हॉट्सॲपच्या आधी कुणी म्हटलं? खुद्द सरकारने. सुरिनामच्या कायद्यात जिच्यावर कागदाने मालकी सिद्ध होत नाही ती जमीन सरकारची. सामाकांकडे आपल्या सातबाऱ्यासारखा कागद नाही, त्यांच्याकडे 1762 चा तह आणि आजीच्या तोंडचा इतिहास. मग 1990 च्या दशकात सरकारने त्यांच्या रानात लाकूड कंपन्यांना आणि खाणवाल्यांना परवाने दिले, लोकांना विचारलंसुद्धा नाही. सामाकांनी संघटना काढली, 2000 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे गेले, प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार कोर्टात गेलं आणि 28 नोव्हेंबर 2007 ला निकाल लागला, सामाकांच्या बाजूने. जमीन त्यांची, तिची हद्द ठरवून कायदेशीर मालकी द्या, मोठा प्रकल्प आणायचा तर आधी त्यांची संमती घ्या. ही लढाई लढणाऱ्या वांझे एदुआर्ड्स आणि ह्यूगो याबिनी यांना 2009 चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. निकाल लागून इतकी वर्षं झाली, मालकीचा कागद काही हातात पडला नाही. म्हणून ते "मालकच नाही" वाचलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही कौतुकाने म्हणता, परवाने वाटणारे हिशोबाने म्हणतात, वाक्य तेच.

त्याआधीचं धरण तर राहिलंच. 1960 च्या दशकात आफोबाकाला धरण बांधलं, ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून, जवळजवळ 1,560 चौरस किलोमीटरचा तलाव झाला, सामाकांची गावंच्या गावं बुडाली, सहाएक हजार माणसं उठवली. त्याच धरणाच्या वर नदीला मी जायचो तेव्हाही संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, तोही डिझेल आलं असेल तर. आपल्याकडे कोयनावाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सरकार नाही, कायदा नाही, हेही खोटं. प्रत्येक गावाला काबितेनी, म्हणजे गावप्रमुख, त्याच्या हाताखाली बासिया, सगळ्यांच्या वर गामा, आणि यांना सरकारकडून मानधन मिळतं. भांडण झालं की कुतु बसतो, गावची बैठक, आणि ती आपल्या ग्रामसभेसारखी कोरम अभावी तहकूब होत नाही. 1986 ते 1992 देशात यादवी झाली तेव्हा याच जंगलातली गावं होरपळली, माणसं शहरात आणि शेजारच्या फ्रेंच गयानात पळाली. त्या बंडाचा म्होरक्या रॉनी ब्रुन्सवाइक, तोही पळालेल्या गुलामांच्याच वंशातला पण दुसऱ्या जमातीचा, 2020 ला चक्क उपराष्ट्रपती झाला.

आता फुकटचा हायवे. पारामारिबोहून गाडीने आत्जोनीला, तीनेक तास, तिथे रस्ता संपतो. पुढे कोर्याल, म्हणजे कोरलेल्या खोडाला वरून फळ्या लावून उंच केलेली लांब होडी, मागे साधारण 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. दोन माणसं लागतात, मागे इंजिनवाला, पुढे काठी घेऊन दगड बघणारा, आणि जीव या पुढच्याच्या हातात असतो कारण नदीत जागोजागी सुला आहेत, खडकाळ खळाळ. माणशी भाडं पडतं, सामानाचं वेगळं, गॅस सिलिंडर, तांदळाची पोती, कोंबड्या, पत्रे, सगळं त्याच होडीत. पेट्रोलही होडीनेच वर जातं म्हणून वर ते शहरापेक्षा महाग. पाणी भरपूर असेल तर वरच्या गावांना चारेक तासांत पोचता, पण ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या कोरड्या मोसमात मात्र काही ठिकाणी उतरायचं, खडकांवरून चालायचं आणि होडी ओढायची, मी एकदा चप्पल वाहवून बसलोय. आणि पाणी जास्त झालं तर 2006 च्या मेसारखं, नदीकाठची घरं आणि शेतं सगळं पाण्यात. घाई असेल तर छोट्या विमानांच्या धावपट्ट्या आहेत, पण ते तिकीट बघितलं की घाई आपोआप कमी होते.

पैसा चालत नाही? सामाका पुरुष फ्रेंच गयानाला मजुरीला आणि होड्या चालवायला जायचे ते एकोणिसाव्या शतकापासून. आत्जोनीच्या धक्क्यावर उधार मागून बघा.

आजारपणाचं एक मात्र अर्धवट खरं निघालं, फक्त कारण उलटं. जून 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरिनामला मलेरियामुक्त जाहीर केलं, अमेझॉन भागातला पहिला देश. पण ते बाहेरचं वारं न लागल्यामुळे नाही, कित्येक वर्षं गावोगावी आणि सोन्याच्या खाणींवर जाऊन रक्त तपासणाऱ्या माणसांमुळे. डेंग्यू आहेच, आणि बुसी-यासी म्हणून वाळूमाशीने होणारी जखम आहे, ती महिनोन् महिने भरत नाही.

मन्या, तरी जायचंय ना? जा की. शहरात तुझ्या हिंदीवर काम भागेल, 1873 पासून बिहार-युपीकडून गेलेल्यांची पोरं सरनामी बोलतात. वर नदीला गेलास की आधी काबितेनीला भेट, फोटो विचारून काढ, आणि गावाच्या वेशीवर झावळ्यांची झालर टांगलेली असते तिच्याशी खेळू नकोस. जायच्या दहा दिवस तरी आधी पिवळ्या तापाची लस घे आणि ते पिवळं कार्ड जप, नाहीतर परत येताना मुंबई एअरपोर्टवरून थेट क्वारंटाइन, सहा दिवसांपर्यंत. आणि इएमआय त्या सहा दिवसांतही कटतो.