करंगळीत नजर, अंगठ्यात नेतृत्व: ठशांच्या ‘बुद्धिमत्ता चाचणी’बद्दल

‘दहा बोटांचे ठसे द्या, मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता सांगतो. दोन वर्षांच्या बाळाचीही होते, आयुष्यात एकदाच करायची, अचूकता 95 टक्के.’ डीएमआयटीचा (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, म्हणजे ठशांवरून बुद्धी सांगणारी चाचणी) हा मेसेज पालकांच्या ग्रुपांवर कधीचा फिरतोय. आता घरातल्याच माणसाने ‘करून घेऊ या का?’ म्हणून पाठवलाय, तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

‘दहा बोटं म्हणजे मेंदूचे दहा भाग.’ अंगठा म्हणजे कपाळामागचा भाग, करंगळी म्हणजे मागचा, दृष्टीचा. मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलात मुख्य खंड चार, म्हणजे दोन्हींचे मिळून आठ. बोटं पडली दहा, म्हणून पुढच्या खंडाचे दोन तुकडे करून हिशेब जुळवलाय! प्रत्यक्षात एका हाताच्या पाचही बोटांची संवेदना मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या एकाच पट्ट्यात, शेजारी शेजारी पोहोचते. करंगळी तुटली म्हणून कुणाची नजर गेलेली नाही.

आणि मोजतात काय? ठशाच्या केंद्रापासून, तीन दिशांच्या रेषा जिथे भेटतात त्या डेल्टापर्यंत रेघ ओढायची आणि वाटेत किती रेषा कापल्या जातात ते मोजायचं. साध्या कमानीच्या आकाराच्या ठशात डेल्टाच नसतो, म्हणून मोजणी शून्य. मग त्या बोटाची बुद्धी शून्य का? रिपोर्टात तिथे कुठला आकडा बसवलाय आणि तो आला कुठून, एवढं विचारून बघा. शंख-चक्रं ठरतात ती गर्भाच्या बोटांच्या टोकांवरच्या फुगवट्यावरून. रेषा उमटताना तो उंच असेल तर चक्र, एका बाजूला कललेला असेल तर शंख, बसका असेल तर कमान. त्यात गणिताचं डोकं कुठेच येत नाही.

‘ठसे आणि मेंदू एकाच वेळी, गर्भाच्या एकाच थरातून घडतात.’ केस, नखं आणि दातांचं इनॅमलही त्याच थरातून येतं. नखांची चाचणी कधी काढताय?

‘डाऊन सिंड्रोममध्ये ठसे वेगळे असतात, हे विज्ञानच मान्य करतं.’ करतं. पण तो गटांच्या सरासरीतला फरक आहे. निदान गुणसूत्रं तपासून होतं, आणि त्यावरून धडधाकट मुलाची शाखा ठरवता येत नाही.

मुळात हा शोध सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. बुद्धी मोजायच्या खटपटीतला आद्य माणूस आणि ठशांच्या शास्त्राचा एक पाया घालणारा माणूस एकच, फ्रान्सिस गॉल्टन. ठशांवरून वंश आणि स्वभाव कळेल अशी त्याला मोठी आशा होती. 1892 च्या पुस्तकात त्याने स्वतःच लिहिलं की ती फोल ठरली. नामवंत विचारवंतांच्या ठशांना जुळणारे ठसे जन्मजात मतिमंदांमध्येही सापडतात. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही 2019 मध्ये डीएमआयटीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलंय. मग ते 95 टक्के? कशाशी ताडून?

‘आयक्यू चाचण्या जुनाट झाल्या.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. मराठी मुलांसाठीची बिने-कामत चाचणी 1930 च्या दशकातली, नागपूरच्या मालिन यांची 1960 च्या दशकातली. मानकं, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते सरासरी गुण, जुनी असली की गुण फुगतात. शिवाय मूल तापात असेल, चष्मा घरी राहिला असेल किंवा प्रश्न परक्या भाषेत असतील, तर आकडा घसरतो. आणि एरवीही 100 आला की जाणकार माणूस ‘साधारण 93 ते 107’ असं वाचतो.

पण आयक्यू चाचणी कशासाठी असते? बिने आणि सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये पहिली केली ती वर्गात मागे पडणारी, मदतीची गरज असलेली मुलं ओळखायला. आजही चौथीतलं मूल दुसरीचा उतारा अडखळत वाचत असेल, तर मानसशास्त्रज्ञ समोर बसून तास-दीड तास आयक्यू घेतो आणि वाचन-लेखन-गणित वेगळं तपासतो. आयक्यू ठीक आणि वाचन दोन इयत्ता मागे, असं दिसलं की अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटीचा) विचार सुरू होतो. त्याच मुलाच्या हातात ‘हा ऐकून शिकणारा, वाचनाचा आग्रह नको’ असा ठशांचा रिपोर्ट पडला, की उपचारात्मक शिकवणीची दोन-तीन वर्षं हातची जातात.

वाचन अडत असेल तर सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ठशांच्या पैशात दोन्ही होऊन वर पैसे उरतात.