मालक येतात, मालक जातात

2025 च्या जुलैत फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा हंगाम बेमुदत लांबणीवर पडला आणि पुण्याहून दादाने फोनवर जुनाच सूर लावला. "आपल्याकडे खेळावर पैसा लावणारे मालकच नाहीत रे. तुमच्याकडे बघ." तुमच्याकडे म्हणजे सिडनीत. दादा एके काळी नारंगी टीशर्ट चढवून एफसी पुणे सिटीचे सामने बघायला बालेवाडीला जायचा. 2019 मध्ये नवा हंगाम तोंडावर असताना त्या संघाने गाशा गुंडाळला. तेव्हापासून चांगला धनी मिळाला की खेळ तरतो, ही त्याची ठाम समजूत. तो एकटाच नाही. कुठलीही लीग गचके खाऊ लागली की घरच्या चर्चेची गाडी याच स्टेशनावर येऊन थांबते: टाटांनी घ्यावं, महिंद्रांनी घ्यावं, कुणीतरी घ्यावं.

मला हे पटत नाही. कारण मालक मिळाल्यावर काय होतं, याचा अस्सल नमुना मी राहतो त्याच शहरात घडून गेलाय.

सिडनी किंग्ज हा इथला व्यावसायिक बास्केटबॉल संघ. शहरातले दोन संघ एकत्र करून काढलेला, 1988 पासून लीगमध्ये खेळणारा. 2003, 2004 आणि 2005 अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लीग, म्हणजे एनबीएल, जिंकली. 2007 मध्ये त्यांना नवा धनी मिळाला, टिम जॉन्स्टन. त्याची फायरपॉवर नावाची कंपनी इंधनाच्या टाकीत टाकायची गोळी विकायची. गोळी टाकली की इंधन वाचतं आणि धूर कमी होतो, असा दावा. आपल्याकडे पाण्यावर गाडी चालवणारे अधूनमधून उगवतात ना, त्यांचाच हा सूटबूट घातलेला भाऊ. जॉन्स्टन रग्बीच्या संघांनाही पैसे देत होता. खेळाच्या जर्सीवर नाव झळकलं की कंपनी खरी वाटते, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. सिडनी मॉर्निंग हेरल्डचा पत्रकार जेरार्ड राइल या गोळीच्या मागे लागला (पुढे पनामा पेपर्सचं काम ज्याच्या नेतृत्वाखाली झालं, तोच हा राइल) आणि फुगा फुटला. गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर बुडाले.

मैदानावर मात्र किंग्ज झकास खेळत होते. 2008 च्या अंतिम मालिकेत मेलबर्न टायगर्सकडून ते 3-2 असे निसटते हरले. तोवर खेळाडूंचे पगार थकले होते. जूनमध्ये लीगने परवानाच काढून घेतला आणि पुढच्या हंगामाचा पहिला चेंडू उडायच्या आधी किंग्ज संपले.

त्याच सुमारास ब्रिस्बेन बुलेट्सही गेले. 2007 चे विजेते. त्यांचा मालक एडी ग्रोव्ह्ज, एबीसी लर्निंग या देशातल्या सगळ्यात मोठ्या पाळणाघर साखळीचा कर्ताधर्ता. कंपनीचा शेअर कोसळला तेव्हा आधी संघ सुटला, आणि 2008 च्या नोव्हेंबरात कंपनीही आडवी झाली. पाळणाघरं चालू राहावीत म्हणून सरकारला पैसे ओतावे लागले. बास्केटबॉल संघासाठी कोण ओतणार?

मला सगळ्यात चटका लावतो तो किंग्जचा प्रशिक्षक ब्रायन गूर्जन. संघ बुडाल्यावर तो मेलबर्नच्या साउथ ड्रॅगन्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात, 2009 मध्ये, त्यांना विजेतेपद मिळवून दिलं. विजेत्या ड्रॅगन्सनी पुढचा हंगाम खेळलाच नाही. तेही बंद. एका माणसाच्या पायाखालून सलग दोन वर्षं दोन संघ सरकले, त्यातला दुसरा करंडक हातात असताना.

आता पुण्याचं बघा. एफसी पुणे सिटीमागे वाधवान समूह होता. त्यांच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीने 2019 मध्ये देणी थकवली आणि त्याच वर्षी संघ गेला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आला. हैदराबादने 2022 मध्ये लीग जिंकली, मग तिथेही पगार थकले, आणि 2025 मध्ये तो संघ नाव बदलून दिल्लीला गेला. दादाच्या नारंगी टीशर्टच्या बदल्यात आलेल्या संघाने असं अर्धं भारतदर्शन केलं. प्रत्येक मुक्कामी धनी होता. धन्यांची वाण कधीच नव्हती.

मग सिडनीत आणि पुण्यात फरक कशात? मालकांच्या प्रामाणिकपणात तर नक्कीच नाही.

किंग्ज बुडाले तेव्हा मी इथे आलो नव्हतो. पण मुलगी ज्या बास्केटबॉल असोसिएशनकडून खेळते तिथल्या जुन्या मंडळींना त्या वर्षाबद्दल विचारलं, तर त्यांना आठवतं ते एवढंच की हॉल कमी पडत होता. शनिवारच्या सामन्यांत खंड नाही. असोसिएशनला मालक नाही. ती सभासदांची संस्था, समिती निवडून येते, हॉल नगरपालिकेचा, दीर्घ भाड्याने घेतलेला. किंग्जवर कुणाचीही मालकी असो, पश्चिम सिडनीतल्या दहा वर्षांच्या पोरीचा सकाळचा सामना त्यावर अडत नाही.

तो सामना चालतो कसा, हे बघण्यासारखं आहे. टेबलावर दोन्ही संघांचा एकेक पालक बसतो. एकाकडे घड्याळ, दुसऱ्याकडे गुण. पाळी आली की बसावंच लागतं. दांडी मारली तर संघाला दंड. रेफ्री पंधरा-सोळा वर्षांची पोरं, त्यांना सामन्यामागे पैसे मिळतात. फाउलची शिट्टी वाजली की रेफ्री टेबलाकडे येऊन बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतो आणि आपण तो टिपायचा. माझ्यासारखा चाळिशीतला बाप त्या पोराच्या बोटांकडे परीक्षेला बसल्यासारखा बघत असतो. एकदा आपल्यातलेच एक काका फाउलवरून रेफ्रीवर खेकसले. हॉलच्या बाईंनी त्यांना गोड आवाजात पार्किंगचा रस्ता दाखवला. उरलेला सामना त्यांनी काचेतून पाहिला.

हे सगळं फुकट नाही, हेही सांगायला हवं. वर्षाची फी, जर्सी, दर वेळी हॉलच्या दारात भरायचे पैसे मिळून आकडा काही शे डॉलरांवर जातो. न्यू साउथ वेल्स सरकारने 2018 पासून प्रत्येक मुलामागे 100 डॉलरचं क्रीडा व्हाउचर दिलं. 2024 मध्ये ते 50 वर आणलं आणि फक्त कमी-मध्यम उत्पन्नाच्या घरांपुरतं ठेवलं. दोन मुलं खेळत असतील तर टॅक्सी चालवणाऱ्या बापाला ते परवडत नाही, आणि आमच्या हॉलमध्ये कोण दिसतं, कोण दिसत नाही यावरून ते कळतं. शिवाय वरची लीगही अखेर धन्यानेच सावरली. 2015 मध्ये लॅरी केस्टेलमनने एनबीएलच हातात घेतली, आणि त्यानंतरच ती बाळसं धरू लागली. किंग्ज 2010 मध्ये परतले होते, बुलेट्स 2016 मध्ये आले, 2022 आणि 2023 ला किंग्ज पुन्हा विजेते झाले. दादाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "बघ, शेवटी मालकच लागला." लागला, मान्य. पण तो आला तेव्हा खाली हजारो पोरं आधीच खेळत होती. 2021 मध्ये टोकियोत ऑस्ट्रेलियाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने ऑलिंपिकमधलं आपलं पहिलं पदक, कांस्य, मिळवलं. प्रशिक्षक पुन्हा तोच गूर्जन.

आपल्याकडे खालचं काहीच नव्हतं, असंही नाही. मुंबईचं नागपाडा घ्या. दाटीवाटीच्या त्या वस्तीने कुठल्याही फ्रँचायझीशिवाय पिढ्यान्पिढ्या बास्केटबॉलपटू घडवले. भारताचे कर्णधार अब्बास मुंतसीर तिथलेच, 1970 चे अर्जुन पुरस्कार विजेते. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत सॅव्हिओ कप ही बास्केटबॉल स्पर्धा होते. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली. रेल्वे आणि सेनादलाच्या संघांनी खेळाडूंना नोकरी दिली, महिन्याचा पगार दिला. याउलट 2015 मध्ये गाजावाजा करत यूबीए ही बास्केटबॉल लीग आली, पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे संघ आले, आणि 2017 नंतर सगळं थंड. नागपाड्याचं कोर्ट त्याआधीही होतं, नंतरही आहे. तरी आपण वाद घालतो तो पेशवाज कुणी विकत घ्यायला हवे होते यावर. संध्याकाळी सहानंतर कॉलेजच्या कोर्टाला कुलूप का, आणि महापालिकेचं मैदान लग्नाला मिळतं तसं पोरांच्या क्लबला दहा वर्षांच्या कराराने का मिळत नाही, यावर कुणी भांडत नाही.

शेवटी दादाला एवढंच म्हटलं, की पुढचा धनी बालेवाडीत फ्लेक्स लावेल तेव्हा तीन गोष्टी विचार. खेळाडूंचा वर्षाचा पगार आधी बँकेत ठेवलाय का, कंपनी बुडाली तर लहान मुलांचे संघ कोण चालवणार, आणि मैदान कुणाच्या नावावर आहे.

"एवढं विचारलं तर येणारच नाही कुणी," दादा म्हणाला.

न येऊ दे.