म्हणे, सीरियलवाले गाणं फुकट उचलतात!

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘परदेशी सीरियलवाले पडून राहिलेली जुनी रॉक गाणी फुकट उचलतात, गाणं रातोरात हिट होतं, कलाकाराचं आपोआप नाव होतं. म्हणून नव्या बँडवाल्यांनी पैशांसाठी अडून बसू नये.’ हा मेसेज वडोदऱ्याला, दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्या बँडचं एक गाणं एका वेबसीरिजवाल्याला हवंय. “मावशी, देऊन टाकू का तसंच?” म्हणतो. झालं, बसले लिहायला.

फुकट? कुठल्या जगात? गाण्याचे हक्क दोन. एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. दोन्ही मालकांची परवानगी लागते आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. ब्रिटिश गायिका केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ घ्या. (मेसेजला फोटो तिचाच चिकटवलाय.) १९८५ साली ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं हे गाणं ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे जून २०२२मध्ये पहिलं आलं. पण त्याआधी ते कुठल्या प्रसंगात वाजणार, याची सविस्तर वर्णनं तिच्याकडे गेली, तिने होकार दिला, मगच ते मालिकेत आलं. गाणं तिनेच लिहिलेलं, रेकॉर्डिंगचे हक्कही तिच्याचकडे. याला ‘उचललं’ म्हणतात होय?

‘रातोरात हिट’ हे अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. ‘वेन्सडे’ ही मालिका २०२२मध्ये आली, तिच्यातली नायिका द क्रॅम्प्स या बँडच्या १९८१च्या ‘गू गू मक’वर नाचली आणि नव्या पोरांनी ते गाणं शोधून शोधून ऐकलं. पण रील्सवर त्याच नाचाला लेडी गागाचं गाणं लावलं गेलं, आणि धुमाकूळ घातला तो त्याने! शिवाय क्रॅम्प्सचा गायक २००९मध्येच वारलेला. ‘आपोआप नाव’ झालं, ते बघायला तो कुठे होता?

मेसेजच्या शेवटी ‘शेअर करा, कलाकार वाचवा’. यावर काय बोलणार!

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा सोडूनही देता येत नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी, सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. भाच्याच्या कागदावर मात्र ‘कायमस्वरूपी, विनामोबदला’ असं ठळक छापलंय. त्याला सांगितलंय, ‘विनामोबदला’ खोडून रक्कम घाल, ‘कायमस्वरूपी’च्या जागी वर्षं लिही, आणि ड्रमवाल्या पोराला विचारल्याशिवाय सही करू नकोस, अर्धी चाल त्याची आहे.