नुसत्या वाढघटकांनी भागत नाही

झेब्राफिश या छोट्या माशाचं दृष्टिपटल (डोळ्यातला प्रकाश टिपणारा पडदा) इजेनंतर पुन्हा घडतं हे लेखात छान सांगितलंय, पण सगळं श्रेय वाढघटकांना, म्हणजे पेशींना वाढायचा-विभागायचा संदेश देणाऱ्या प्रथिनांना, दिलंय ते पटलं नाही. खरी कामगिरी म्युलर ग्लिया पेशींची. एरवी चेतापेशींना आधार देणाऱ्या या पेशी इजा होताच विभागू लागतात आणि त्यांच्यापासून नव्या चेतापेशी बनतात. एचबी-ईजीएफसारखा वाढघटक त्यांना जागं करतो, इतकंच. (या माशात तर इजा नसतानाही तो दिला की त्या विभागतात!) म्युलर ग्लिया आपल्याही डोळ्यात आहेत, पण इजा झाली की त्या बहुधा व्रणच तयार करतात. प्रौढ उंदरात २०१७ मध्ये त्यांच्यापासून चेतापेशी मिळाल्या, त्या एएससीएल१ हे चेतापेशी घडवायला लावणारं जनुक मुद्दाम चालू करून, शिवाय डीएनएची गुंडाळी सैल करणारं औषध देऊन.