कठडा ओलांडणारा आणि पोलिसाला मारणारा एकच कसे?

६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीवर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला. त्यावर आपल्याकडे आजही दोनच मतं ऐकू येतात. सगळे देशद्रोही, नाहीतर सगळे भाबडे, उगाच डांबलेले. तिथला कायदा नेमका काय म्हणतो हे कुणी पाहतच नाही, आणि मला त्याचाच राग येतो. कारण त्या कायद्यात तारतम्य होतं.

अमेरिकेच्या केंद्रीय फौजदारी कायद्यातलं कलम १७५२ घ्या. सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण असलेली व्यक्ती जिथे आहे किंवा येणार आहे, ती जागा कठडे लावून बंद केली असेल, तर परवानगीशिवाय आत जाणं गुन्हा. त्या दिवशी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स आत होते, म्हणून हे कलम लागलं. नुसतं घुसलात तर जास्तीत जास्त १ वर्ष. घातक शस्त्र वापरलंत किंवा कुणाला गंभीर इजा केलीत, तर १० वर्षांपर्यंत. कलम २३१ वेगळं. हिंसक दंगल चालू असताना पोलिसांच्या किंवा अग्निशमन दलाच्या कामात आडवं आलात, तर ५ वर्षांपर्यंत.

या २३१ चा जन्म काही फार उजळ नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची, आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. कृष्णवर्णीयांना घर घेताना होणारा भेदभाव रोखणाऱ्या त्याच कायद्यात लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांच्या आग्रहाने हे कलम आलं. रोख कृष्णवर्णीय आंदोलकांवर होता. १९७३ मध्ये साउथ डकोटातल्या वुंडेड नी इथे मूळनिवासींच्या आंदोलनातही ते लावलं गेलं. म्हणूनच २०२१ मध्ये ते गोऱ्या जमावालाही लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कायदा माणसाचा रंग किंवा झेंडा बघत नाही, हे निदान तेवढ्यापुरतं तरी दिसलं.

न्यायालयांनीही सगळ्यांना एका दावणीला बांधलं नाही. न्यू मेक्सिकोचे कौय ग्रिफिन इमारतीत शिरलेच नव्हते, बाहेरच्या बंदिस्त आवारात होते. त्यांना १७५२ खाली १४ दिवसांची शिक्षा झाली, गोंधळ घालण्याच्या आरोपातून ते सुटले. दुसरीकडे, गर्दीत ओढले गेलेले पोलीस अधिकारी मायकेल फॅनोन यांच्या मानेला विजेचा झटका देणाऱ्याला १२ वर्षांहून जास्त. सुक्याबरोबर ओलं जळू नये, ते असं.

मग २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी सुमारे १५०० जणांना माफी दिली आणि १४ जणांची शिक्षा कमी केली. चालू खटलेही बंद करायला सांगितले. ६ जानेवारीच्या त्या दिवसभरात जवळपास १४० पोलीस जखमी झाले होते. चौदा दिवसांवाला काय आणि बारा वर्षांवाला काय, सगळे एकाच सहीने मोकळे.

किरकोळ गुन्हेवाल्यांना माफ केलं असतं तर मी विरोधही केला नसता. काहींच्या बाबतीत ते योग्यच झालं असतं. पण त्यासाठी एकेक खटला बघावा लागतो. सरसकट माफीने शांतपणे निषेध करणाऱ्यांचंच नुकसान केलं. उद्या दुसऱ्या विचारांचे लोक सरकारी आवारात नुसते जाऊन उभे राहिले, तर ‘आम्ही कुणाला हातही लावला नाही’ हे ते कोणत्या तोंडाने सांगणार? तो फरक आता राष्ट्राध्यक्षांनीच पुसून ठेवलाय.