एका सेंटचा आवळा

अमेरिकेतल्या कोलंबिया हाउस या टपालाने गाणी विकणाऱ्या क्लबचा एक किस्सा सारखा फिरत असतो. एका सेंटला बारा सीडी टपालाने घरपोच मिळायच्या, लोकांनी खोट्या नावांनी वाट्टेल तेवढ्या उकळल्या आणि कंपनी बुडाली. ऐकायला झकास, पण मुद्द्यालाच खोट.

आधी तो एक सेंट. ती किंमत नव्हतीच, आवळा होता. कोहळा जाहिरातीतल्या बारीक अक्षरांत: पुढच्या दोन-तीन वर्षांत ठरावीक सीडी क्लबच्या पूर्ण दराने घ्यायच्या. वर टपालखर्च, तोही त्या ‘फुकट’ सीडींसकट.

खरी मेख त्यानंतर. दर काही आठवड्यांनी कॅटलॉग आणि एक कार्ड यायचं. ‘या वेळची निवड नको’ असं कार्डावर लिहून मुदतीत धाडलं नाही, तर सीडी आणि बिल दोन्ही दारात हजर. गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात! कार्ड टेबलावर पडून राहणार, या भरवशावरच तर धंदा होता. अशा योजनांसाठी तर सीडी येण्याआधीच, १९७३ मध्ये, फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने नियम केला: नकार कळवायला ग्राहकाला किमान दहा दिवस द्या.

‘पण बारा सीडींचा भुर्दंड कंपनीलाच ना?’ क्लब काही दुकानातून सीडी आणून वाटत नव्हता. रेकॉर्ड कंपन्यांकडून परवाना घेऊन स्वतःच प्रती काढायचा. अशा विक्रीवर कलाकारांची रॉयल्टी कमी, आणि फुकट दिलेल्या प्रतींवर बहुधा शून्य. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय.

लबाड होते, कबूल. न्यू जर्सीतल्या एकाने नव्वदच्या दशकात पोस्टात टपालपेट्या भाड्याने घेऊन दोन क्लबांकडून २६,००० हून जास्त सीडी लाटल्या आणि तो दोषीही ठरला. पण त्याच दशकात, १९९६ साली, कोलंबिया हाउसची उलाढाल सुमारे १.४ अब्ज डॉलरवर होती. लुटल्या जाणाऱ्या दुकानाचा गल्ला असा भरत नाही.

आणि बुडाली कधी? क्लब निघाला १९५५ मध्ये. लागली धाप ती मोठ्या दुकानांतल्या स्वस्त सीडी आणि मग डाउनलोड आल्यावर. २००५ मध्ये जुन्या प्रतिस्पर्धी क्लबने, बीएमजीने, तिला विकत घेतलं. २००९ मध्ये त्याचाही संगीत क्लब बंद पडला. २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला, तेव्हा कोलंबिया हाउस गाणी विकतच नव्हती. उरल्या होत्या सिनेमाच्या डीव्हीडी.