बिटलॉकरच्या ड्राइव्हविषयी खुलासा

रत्नागिरी आणि चिपळूण परिसरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, बिटलॉकर या विंडोजमधील डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीने कुलूपबंद केलेली बाह्य हार्ड डिस्क विंडोजखेरीज कुठेही उघडत नाही आणि लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीवर वापरायची तर ती फॉरमॅटच करावी, म्हणजे पूर्ण पुसावी लागते. हे खरे नाही. लिनक्सवरील क्रिप्टसेटअप या साधनात २०२० पासून बिटलॉकर ओळखण्याची सोय असून, उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत डिस्क जोडल्यावर बहुधा थेट पासवर्डच विचारला जातो. तो आठवत नसेल तर कुलूप लावताना जपून ठेवलेली ४८ अंकी रिकव्हरी की चालते. दोन्ही हरवले असतील, तर मात्र कोणतीही प्रणाली मदतीला येणार नाही.

मॅकची गोष्ट वेगळी आहे. तेथे ही सोय अंगभूत नसल्याने डिस्क वाचता येत नसल्याची सूचना येते आणि सोबत ‘इनिशियलाइझ’ असे बटण दिसते. नेमके येथेच लोक फसतात, कारण त्या वाटेने पुढे गेल्यास डिस्क पुसली जाते. ‘इग्नोर’ किंवा ‘इजेक्ट’ निवडावे आणि ती डिस्क विंडोज अथवा लिनक्सवर उघडावी.